चाकाविना गाडीचे स्वप्न : प्रा. एरिक लेथवेट

आपल्या शहापूर-वडगावच्या विणकर गल्ल्यांतून जाताना मागाचा खटखटाट ज्याने ऐकला नाही असा विद्यार्थी आपल्या शाळेत क्वचितच असेल. हा आवाज मुख्यतः धोट्याचा. आडव्या धाग्याची कांडी पोटात घेऊन धोटा एका बाजूकडून फटका खातो, उभ्या धाग्यांमधून पलीकडे धावतो, तिथे अडवला जातो आणि पुन्हा फटका खाऊन परत येतो. मिनिटाला शंभराहून अधिक वेळा हे चालते. प्रत्येक फेरीला धोट्याला वेग द्यायचा आणि लगेच तो वेग मारून टाकायचा, म्हणजे यात केवढी शक्ती वाया जाते याचा विचार सहसा कोणी करीत नाही. इंग्लंडमधील मँचेस्टर या कापडगिरण्यांच्या शहरात एका तरुण इंजिनिअरने तो केला. धोट्याला फटका न मारता विजेच्या चुंबकाने अलगद ओढून नेता येईल का, हा त्याचा प्रश्न होता. या प्रश्नाचा पाठपुरावा करता करता तो रुळांना न टेकता धावणाऱ्या गाडीपर्यंत जाऊन पोहोचला. या अंकात आम्ही त्याच इंजिनिअरची, प्रा. एरिक लेथवेट यांची ओळख करून देत आहोत.

एरिक रॉबर्ट्स लेथवेट यांचा जन्म 14 जून 1921 रोजी लँकेशायर परगण्यातील ॲथर्टन येथे झाला. त्याच परगण्यात ते वाढले आणि कर्कहॅम येथील ग्रामर स्कूलमध्ये शिकले. महायुद्ध सुरू झाले तेव्हा ते ऐन विशीच्या उंबरठ्यावर होते. 1941 साली ते हवाई दलात दाखल झाले. फार्नबरो येथील विमान संशोधन केंद्रात वैमानिकाच्या मदतीविना विमान सरळ ठेवणाऱ्या स्वयंचलित यंत्रणांच्या चाचण्या करण्याचे काम त्यांच्याकडे आले. या यंत्रणांचा गाभा म्हणजे वेगाने फिरणारी चाके, शास्त्रीय भाषेत जायरोस्कोप आणि आपल्या भाषेत भोवरा. हा भोवरा पुढे त्यांच्या आयुष्यात फार वेगळ्या रीतीने परत येणार होता, म्हणून वाचकांनी तो लक्षात ठेवावा.

1946 मध्ये सैन्यातून मोकळे झाल्यावर ते मँचेस्टर विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकी शिकण्यास गेले. त्या वेळी तिथे संगणकाच्या इतिहासातील एक मोठे प्रकरण लिहिले जात होते. मँचेस्टर मार्क वन हा जगातील अगदी पहिल्या काही संगणकांपैकी एक त्याच विद्यापीठात बांधला गेला आणि लेथवेट यांची पदव्युत्तर पदवी त्याच यंत्रावरील कामाची होती. दुसरा कोणी असता तर या नव्या विद्येतच राहिला असता. त्या विद्येला पुढे आलेले दिवस पाहता ते शहाणपणाचेही ठरले असते. लेथवेट मात्र मोटरीकडे वळले. त्या काळी मोटर हा विषय पुरा झाला, त्यात आता शोधण्यासारखे काही उरले नाही असेच बहुतेक जाणकारांचे मत होते.

ही मोटर समजून घेतल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही, तेव्हा थोडे थांबू या. पिठाच्या गिरणीत किंवा विहिरीवरच्या पंपात जी मोटर असते तिला प्रवर्तन मोटर म्हणतात. तिच्या बाहेरच्या स्थिर भागात तारांची वेटोळी असतात. त्यांतून उलटसुलट वाहणारी वीज सोडली की चुंबकीय क्षेत्राची एक लाट गोल गोल फिरू लागते. आतल्या फिरत्या भागाला बाहेरून वीज जोडलेली नसते. पण फिरणाऱ्या क्षेत्रामुळे त्याच्या धातूत आपोआप प्रवाह निर्माण होतात आणि क्षेत्र त्यांना आपल्याबरोबर ओढत नेते. मायकेल फॅरेडे यांनी 1831 साली शोधलेले तत्त्व ते हेच. आता कल्पना करा, की ही गोल मोटर एका बाजूने उभी कापली आणि गुंडाळलेली चटई जमिनीवर पसरावी तशी उलगडली. वेटोळी एका ओळीत आली. फिरणारी लाट आता सरळ धावू लागली. तिच्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा धरला तर तो पत्रा सरळ पुढे ढकलला जाईल. झाली सरळ रेषेतली मोटर. यात दाते नाहीत, पट्टा नाही आणि फिरणारे असे काहीही नाही.

ही कल्पना लेथवेट यांची नव्हे. एकोणिसाव्या शतकात चार्ल्स व्हीटस्टन यांनी असे प्रयोग केले होते आणि विसाव्या शतकाच्या आरंभी आगगाडीसाठी तिचे पेटंटही घेतले गेले होते. पण कोणी ती नेटाने पुढे नेली नव्हती. कारण साधे होते. लहान आकारात करून पाहिली की ही मोटर फार वाईट चाले आणि करणारा निराश होऊन ती सोडून देई. लेथवेट यांनी यामागचे गणित मांडले. यंत्र कितपत चांगले आहे हे मोजण्यासाठी त्यांनी एक गुणांक ठरवला आणि या जातीची यंत्रे आकाराने मोठी होतात तसा त्यांचा गुणांक सुधारतो हे दाखवून दिले. म्हणजे टेबलावरचे खेळणे फसले म्हणून आगगाडी फसेल असे मुळीच नाही. आम्हांला त्यांच्या साऱ्या कामात हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो, जरी लोकांच्या लक्षात राहिले ते तरंगणारे पत्रेच.

धोट्याचे काय झाले? मागापुरते पाहिले तर त्यातून फारसे काही निघाले नाही. पुढे धोट्याशिवाय चालणारे मागच आले. पण जी शक्ती धोटा ओढू शकते ती गाडीही ओढू शकेल हे लेथवेट यांना दिसले होते. 1960 च्या सुमारास त्यांनी रेल्वेच्या मदतीने मँचेस्टरच्या गोर्टन कारखान्यात या मोटरीवर चालणारी ढकलगाडी धाववून दाखवली. 1964 साली लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये ते अवजड विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक झाले आणि 1986 पर्यंत त्या पदावर राहिले.

त्याच सुमारास त्यांचे नाव इंग्लंडमधील घराघरांत गेले. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये नाताळच्या सुट्टीत मुलांसाठी प्रयोगांसह व्याख्याने होतात. फॅरेडे यांच्या काळात, 1825 साली, ही प्रथा सुरू झाली आणि स्वतः फॅरेडे यांनी ती अनेक वर्षे गाजवली. 1966 च्या व्याख्यानांसाठी लेथवेट यांना बोलावले गेले आणि ती दूरदर्शनवरून देशभर दाखवली गेली. उंचापुरा माणूस, लँकेशायरचा ठसठशीत हेल आणि हातात सतत काहीतरी उडणारे, फिरणारे किंवा तरंगणारे. त्यांना सभा जिंकणे जमत असे. विजेच्या वेटोळ्यावर ठेवलेली ॲल्युमिनियमची कडी कळ दाबताच टणकन उडे. सपाट पत्रा हवेत तरंगत राही आणि ज्याला काहीही टेकलेले नाही असा तो पत्रा खोलीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सुसाट जाई.

या तरंगत्या पत्र्याचे इंगित थोडक्यात सांगतो. सरळ मोटर पत्र्याला पुढे ढकलते, पण त्याच प्रवाहांमुळे त्याला वरही ढकलता येते. अडचण अशी, की वर उचललेला पत्रा बाजूला घसरून पडू पाहतो. बोटाच्या टोकावर ताट तोलण्यासारखीच ती कसरत आहे. लेथवेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970 च्या आसपास चुंबकीय क्षेत्राची वाट आडवी वळवून, गाडीच्या दिशेला काटकोनात नेऊन, अशी रचना केली की एकच मोटर पत्र्याला उचलते, पुढे नेते आणि मध्यभागी धरूनही ठेवते. पत्रा बाजूला सरकला की आपोआप परत मध्ये येतो. लेथवेट यांनी या रचनेचे नाव ठेवले चुंबकीय नदी. नदीत सोडलेली होडी प्रवाहाबरोबर मधोमध वाहत जावी तसे हे दृश्य असल्यामुळे नाव अगदी चपखल होते.

आता तारखांकडे लक्ष द्यावे. इंग्लंडमध्ये त्या वेळी हवेच्या गादीवर तरंगत धावणाऱ्या गाडीचा एक सरकारी प्रकल्प चालू होता. हवेने उचलायचे आणि सरळ मोटरीने ओढायचे अशी योजना होती आणि लेथवेट तिचे सल्लागार होते. केंब्रिजशायरमधील एअरिथ गावाजवळ सपाट रानात काँक्रीटचा उंच मार्ग बांधला गेला. आरटीव्ही 31 नावाची चाचणीगाडी 7 फेब्रुवारी 1973 रोजी त्यावर ताशी 104 मैल, म्हणजे सुमारे 167 किलोमीटर वेगाने धावली. आणि त्यानंतर आठवडाभरातच सरकारने प्रकल्प बंद केला. पैसा फार लागत होता आणि रेल्वेचा कल चाकांवरच धावणाऱ्या नव्या वेगवान गाडीकडे होता. सरकारची बाजू अगदीच चुकीची होती असे आम्ही म्हणणार नाही. हवेच्या गादीला लागणारी शक्ती खरोखरच जास्त होती. पण लेथवेट यांच्या मनात हवेच्या जागी चुंबकीय नदी आणायची होती आणि ती संधीच गेली. त्यांनी जाहीरपणे, अनेकदा आणि पुष्कळ कडवटपणे ही खंत बोलून दाखवली.

यानंतरची हकीकत सांगताना आम्हांला थोडे अवघड वाटते. शाळेच्या पत्रिकेत थोरांचे गुण सांगावेत आणि चुका झाकाव्यात असा एक प्रघात आहे. पण ही चूक झाकली तर लेथवेट समजणारच नाहीत.

एका हौशी संशोधकाने त्यांना फिरत्या भोवऱ्यांचे एक यंत्र आणून दाखवले. ते बाहेर कशालाही न ढकलता स्वतःहून पुढे सरकते असा त्याचा दावा होता. लेथवेट भारावले. 8 नोव्हेंबर 1974 रोजी रॉयल इन्स्टिट्यूशनच्या शुक्रवारच्या व्याख्यानात, देशातील नामवंत शास्त्रज्ञांसमोर, त्यांनी दांड्याच्या टोकाला बसवलेले एक जड चाक वेगाने फिरवले आणि जे स्थिर असताना सहज पेलता येणार नाही ते एका हाताने डोक्यावर उचलून दाखवले. फिरणाऱ्या भोवऱ्याचे वागणे न्यूटनच्या नियमांत बसत नाही असे त्यांनी सुचवले. सभा थंड राहिली. शुक्रवारच्या प्रत्येक व्याख्यानाचा वृत्तान्त संस्था छापत असे, तो या वेळी छापला गेला नाही. त्यांना मिळणारे मोठे मानसन्मान यामुळेच हुकले असे पुष्कळांनी म्हटले आहे.

ते चुकले होते यात शंका नाही. फिरते चाक उचलताना हाताला हलके भासते, कारण ते सरळ वर न जाता वळत वळत चढते आणि हाताला दांडा तिरका धरून ठेवण्याचे कष्ट पडत नाहीत. पण तराजूवर उभे राहून ते उचलले तर वजन तेवढेच भरते. न्यूटनच्या नियमांतून हे सर्व नीट निघते आणि लेथवेट यांनी पुढे ते मान्यही केले. विद्यार्थी मित्रांनो, मैदानावर तुम्ही जो भोवरा फिरवता तो कलला तरी पडत नाही, उलट डोलत डोलत गोल फिरतो, त्यामागे हेच गणित आहे. पण त्यांचा वृत्तान्त छापायचा नाही, हे संस्थेचे करणे आम्हांला पटत नाही. चुकीचे उत्तर छापून त्याखाली खोडून काढले असते तर शास्त्राचे अधिक भले झाले असते. नवलाची गोष्ट अशी, की त्याच वर्षीच्या नाताळात, अवघ्या दीड महिन्याने, मुलांसमोरची व्याख्याने पुन्हा लेथवेट यांचीच होती. ती ठरल्याप्रमाणे झाली आणि त्यांतही भोवरे होते.

अशी उडी त्यांनी पूर्वीही एकदा घेतली होती, वेगळ्याच क्षेत्रात. फुलपाखरे आणि पतंग हा त्यांचा लहानपणापासूनचा छंद. त्यांचा संग्रह इंग्लंडमधील उत्तम संग्रहांत गणला जाई आणि 1975 साली निघालेल्या फुलपाखरांच्या एका मोठ्या सचित्र कोशाचे ते सहलेखक होते. नर पतंग मैलभर अंतरावरून मादीला कसा हुडकतो, हे कोडे त्यांना छळत असे. वासाने, असे बहुतेकांचे मत. 1960 साली लेथवेट यांनी लिहिले की वास एवढ्या दूरवर पुरणार नाही, नराच्या पिसासारख्या मिशा या रेडिओच्या एरियलप्रमाणे अदृश्य लहरी पकडत असाव्यात. रेशमाच्या पतंगाच्या मादीचा गंध रसायनशास्त्रज्ञांनी त्याच सुमारास वेगळा करून दाखवला होता आणि पुढे वासाचाच पक्ष खरा ठरला. इंजिनिअरला पतंगाच्या मिशीत एरियल दिसावे यात गैर काही नाही. आम्हांला तर ही चूकही लोभस वाटते.

गाड्यांकडे परत येऊ. 1970 च्या दशकात तरंगत्या गाडीचा दुसरा एक मार्ग पुढे आला. गाडीखाली विद्युतचुंबक बसवायचे, ते वरच्या लोखंडी रुळाकडे ओढले जातात, आणि मधली फट सेकंदातून शेकडो वेळा मोजून इलेक्ट्रॉनिक यंत्रणेने ओढ कमीजास्त करायची. लेथवेट यांच्या चुंबकीय नदीला अशी यंत्रणा लागत नाही, पण तिच्यात पत्रा तापतो आणि वीज फार जाते. या नव्या मार्गात वीज कमी लागते. इंग्लंडमध्ये यावर मोलाचे काम झाले ते ससेक्स विद्यापीठात, आणि ते करणाऱ्या प्राध्यापकांचे नाव वाचून आमच्या वाचकांना बरे वाटेल. ते होते प्रा. भालचंद्र जयवंत. त्यांनी व सहकाऱ्यांनी बांधलेल्या एक टनी तरंगत्या गाडीचा वृत्तान्त 1976 साली प्रसिद्ध झाला आणि 1981 चे त्यांचे पुस्तक या विषयातील पायाभूत पुस्तकांत मोडते.

1984 साली बर्मिंगहॅम विमानतळ आणि जवळचे रेल्वे स्टेशन यांच्यामध्ये प्रवाशांसाठी अशी गाडी सुरू झाली. चुंबकांनी ती सुमारे 15 मिलिमीटर, म्हणजे जेमतेम बोटभर उचलली जाई. पुढे ढकलणारी मोटर मात्र लेथवेट यांच्या घराण्यातली, सरळ रेषेतली प्रवर्तन मोटर. अंतर होते सुमारे 600 मीटर आणि वेग ताशी 42 किलोमीटर. आपल्या गावातली बसही याहून जोरात जाते! तरीही व्यावसायिक तत्त्वावर सर्वसामान्य प्रवाशांना रोज तरंगत नेणारी ही जगातील पहिली गाडी होती. अकरा वर्षे ती चालली. पण सारखी यंत्रे जगात दुसरीकडे कुठेच नसल्यामुळे सुटे भाग मिळेनात, इलेक्ट्रॉनिक भाग जुने होत गेले आणि 1995 साली ती बंद झाली. नंतर काही वर्षे त्या जागी बस धावत होती. 2003 पासून त्याच उंच मार्गावर दोराने ओढल्या जाणाऱ्या गाड्या आल्या.

लेथवेट यांचे स्वप्न ताशी 400 किलोमीटरचे होते. त्यांची मोटर खरी उपयोगाला आली ती संथ गाड्यांत. यामागे कारण आहे. गाडी फार वेगाने जाऊ लागली की मोटरीखाली क्षणाक्षणाला नवाकोरा पत्रा येत जातो, त्यात प्रवाह उत्पन्न व्हायला जरा वेळ लागतो आणि तेवढ्यात मोटर पुढे निघून गेलेली असते. त्यामुळे ओढ घटते. शिवाय धावत्या गाडीला एवढी वीज पोहोचवायची कशी हाही प्रश्न असतोच. म्हणून शांघायच्या अतिवेगवान गाडीत वेगळ्या जातीची मोटर घेतली गेली आणि तिची वेटोळी गाडीत नसून सबंध मार्गभर पसरलेली आहेत. शहरातल्या शहरात ताशी 100 किलोमीटरच्या आत धावायचे असेल तर मात्र लेथवेट यांचीच मोटर स्वस्त आणि सोयीची पडते. महाग वेटोळी गाडीत, आणि मार्गावर फक्त साधा ॲल्युमिनियमचा पत्रा. जपानमध्ये नागोया शहराजवळ 6 मार्च 2005 रोजी सुरू झालेली 8.9 किलोमीटरची लिनिमो गाडी अशीच आहे. चाके नसल्याने खडखडाट नाही आणि रुळावर घसरण्याची भीती नसल्याने ती चढही सहज चढते. चीनमध्ये 2016 साली चांगशा येथे आणि 2017 च्या अखेरीस बीजिंगमध्ये याच धर्तीच्या गाड्या सुरू झाल्या. तरंगण्याची हौस सोडून, चाके ठेवून, नुसती मोटर वापरणाऱ्या गाड्या तर त्याआधीपासून आहेत. कॅनडातील व्हँकूव्हरची शहरगाडी आणि ओसाका व टोकियो येथील काही भुयारी मार्ग याच मोटरीवर चालतात. भुयारी मार्गात गंमत अशी, की ही चपटी मोटर मावायला जागा कमी लागते, म्हणून बोगदाच लहान खणता येतो आणि खर्च वाचतो. मँचेस्टरच्या धोट्यापासून निघालेल्या माणसाला हा उपयोग स्वप्नातही दिसला असेल का, कोण जाणे.

1986 साली अमेरिकेतील विद्युत अभियंत्यांच्या संस्थेने लेथवेट यांना निकोला टेस्ला यांच्या नावाचा पुरस्कार दिला. त्याच वर्षी ते इम्पीरियल कॉलेजमधून निवृत्त झाले. पुढे ससेक्स विद्यापीठाने त्यांना अभ्यागत प्राध्यापक म्हणून जागा दिली. भोवऱ्यांचा नाद त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही. अवकाशयानाला चुंबकीय मार्गावरून पळवून आरंभीचा वेग द्यावा, म्हणजे इंधन वाचेल, या कल्पनेवर अमेरिकेच्या नासासाठी त्यांचे काम चालू असतानाच 27 नोव्हेंबर 1997 रोजी, वयाच्या 76 व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

इंग्लंडमधील पीटरबरो गावी रेल्वेचे एक लहानसे संग्रहालय आहे. एअरिथच्या रानात त्या फेब्रुवारीत धावलेली आरटीव्ही 31 तिथे उघड्यावर, एका चौथऱ्यावर उभी करून ठेवलेली आहे. बर्मिंगहॅमच्या तरंगत्या गाड्यांपैकी एक डबाही त्याच आवारात आहे.